आप्पांचा कान

कंडेन्सर निवडताना आप्पा त्यावरचा आकडा कधी वाचत नसत. त्याचे टोक जागेवर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "छेड पोरी." मी गिटारची तार छेडे. त्यांची मान हलली की तो कंडेन्सर पक्का.

कळंबच्या बाजारात आप्पांचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीचे दुकान होते; कॉलेज सुटले की मी तिथे शिकायला जाई. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. प्रयोगशाळेत कशालाही हात लावायची भीती वाटे. ती घालवली आप्पांनी. तारा जोडायला कथलाचा डाग द्यायला त्यांनीच शिकवले. "भाजलं तर भाजू दे, कातडं पुन्ना येतंय," म्हणत.

शेवटच्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी आम्ही दोघांनी गिटारचे पेडल बनवले. पायाने दाबले की आवाज जाड, खरखरीत करणारी डबी. त्यातला एक कंडेन्सर आवाजाची धार कापतो. मोठा लावला तर आवाज मऊ, लहान लावला तर टोकदार. गणित करून मी 'एकशे चार' नंबरचा काढला होता.

"दबलाय. गोधडीतनं बोलल्यावानी," आप्पा म्हणाले. त्याहून लहान लावला. "अजून दबलाय." शेवटी 'एकशे चार'हून दहापट लहान असलेला 'एकशे तीन' लागला. माझे दात शिवशिवले, आणि आप्पा खुलले. "आता कसं!"

त्यांना वरचे सूर ऐकूच येत नव्हते. ज्यांचे सारे दुकान कानावर चालते, त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगू? मी घरी जाऊन गुपचूप 'एकशे चार' बसवला.

कार्यक्रमाला आप्पा पहिल्या रांगेत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबी मागवली, उघडली, आणि चष्मा लावून आकडा वाचला.

"काल मला दबल्यालंच ऐकू आलं. लोकं मातूर टाळ्या वाजवत हुती." त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मला सांगायचं न्हाय व्हय गं? म्या आणि किती जणांचं बिघडवून ठिवलं असंल?"

"चुकलं आप्पा."

"ऊठ. तू ऐक, म्या डाग देतो."

मग त्यांनी अलीकडे दुरुस्त केलेले ॲम्प्लिफायर आम्ही घरोघर, देवळोदेवळी जाऊन पुन्हा उघडू लागलो. कंडेन्सर टेकवून ते आता माझ्या तोंडाकडे बघत. तीन झाले. चौथ्याच्या आधी आप्पा गेले.

ढोकीच्या भजनी मंडळाकडे मी एकटीच गेले. पेटी वाजवणाऱ्या काकांना कसे सांगावे, सुचेना. "काका, आप्पांना अलीकडे जरा..."

"म्हाइत हाय," काका म्हणाले. "दोन वर्सं आमी कानात कापूस घालून भजन करतोय. पण आप्पाला सांगायचं कुणी?"