बोर्डावरची भाकरी

कार्ल्याच्या फाट्यावर कुणालाही विचारा, "लग्नाला लॉन पाहिजे." समोरचा माणूस लॉनचं नाव सांगणार नाही. "गोरखभाऊंना भेटा," म्हणेल. लॉनचं नाव 'मेघमुक्काम' आहे हे आमच्याकडच्या निम्म्या लोकांना पत्रिका छापायला टाकताना कळतं, आणि तेव्हाही ते गोरखभाऊंनाच फोन लावून विचारतात, "भाऊ, ते तुमच्या लॉनचं नाव काय म्हनायचं?"

लॉन भाऊंचं नाही. भाऊ तिथल्या ऑफिसात बसत. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली, एक टेबल, एक मोडकी खुर्ची आणि दाराशी स्टो घेऊन बसलेली शालूबाई. मावळात लॉन ठरवायची एक रीत आहे. माणसं येतात ती आधी चपला काढून हिरवळीवर चालून बघतात. मग आचाऱ्याच्या पाण्याची टाकी बघतात. मग नवरदेवाकडचे कुठं बसतील आणि रुसले तर कुठं जाऊन बसतील, तेही बघून ठेवतात. ऑफिसात आल्यावर तारखेचं नाव कुणी काढत नाही. "कुनाच्यात दिली पोरगी?" इथून सुरुवात. पहिल्या चहाला सोयरीक निघते, दुसऱ्याला त्या सोयरिकीतलं भांडण, आणि तिसरा चहा आला की भाऊ म्हणतात, "मंग, कवाची तारीख धरायची?" तीन चहा झाले नाहीत तर ते लग्न पक्कं झालं असं शालूबाईसुद्धा मानत नसे.

मग वेबसाइट आली.

ती आणली सुहासनं. वडलांच्या माघारी लॉन त्याच्याकडे आलं. राहायला पुण्यात, वागायला नम्र, भाऊंना काका म्हणणारा. तो वाईट माणूस असता तर ही हकिगत सांगायला फार सोपी गेली असती. त्यानं वेबसाइटवर फोटो असे टाकले की भाऊ म्हणाले, "लय झकास हाय. पर हे लॉन हाय कुटं?" लोकांनी घरबसल्या बुकिंग करावं म्हणून सुहासनं एक नियम केला. वेबसाइटवरून कराल तर जादा काही नाही, ऑफिसात येऊन कराल तर बिलात 'कार्यालय आकार' लागेल.

भाऊंना हा आकार काही पटेना. "कशाचा आकार? च्या शालूबाई करती, आन् खुर्ची तर मोडकी!" समोर बसलेला माणूस पोरीच्या लग्नानं आधीच वाकलेला. त्याच्यावर आणखी हे ओझं कुठं टाकायचं? भाऊंनी तोड काढली. तिसरा चहा झाला की भाऊ आपल्याच मोबाइलवर वेबसाइट उघडत, समोरच्याचं नाव घालत, त्याचाच फोन नंबर टाकत आणि 'बुकिंग कुठून?' या प्रश्नापुढे 'वेबसाइटवरून' यावर बोट ठेवत. झालं. आकार गुल. वर त्या माणसाच्या मोबाइलवर मेसेज यायचा, 'आदरणीय कोंडाजी, आपले बुकिंग निश्चित झाले आहे.' थोरल्या पोरीची तारीख धरायला आलेल्या कोंडाजींना उभ्या आयुष्यात कुणी आदरणीय म्हटलं नव्हतं. तो मेसेज त्यांनी एसटीच्या कंडक्टरलाही दाखवला. त्यानंतर ज्याला त्याला आपल्या नावाचा मेसेज हवा झाला. भाऊंनी सगळ्यांना आदरणीय करून टाकलं.

पुण्याहून सुहासचे फोन मात्र सुरूच. "काका, या महिन्यात किती तारखा गेल्या? अनामत किती जमली? शनिवार-रविवार कुठला रिकामा आहे?" भाऊ वैतागले आणि एक दिवस त्यांनी मनावर घेतलं. डॅशबोर्ड म्हणून एक प्रकार असतो, वेबसाइटवरची सगळी माहिती त्यात आपोआप येऊन चित्रासारखी मांडली जाते, असं त्यांना एका कंपनीच्या सहलीबरोबर आलेल्या मुलीकडून कळलं. वय पन्नाशीच्या पुढं, शिक्षण बारावी, आधी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी. एवढ्या भांडवलावर हा माणूस दुपारच्या निवांत वेळी मोबाइलवर व्हिडिओ लावून शिकायला बसला. व्हिडिओतला मास्तर हिंदीतून सुसाट सुटायचा. भाऊ त्याला, "थांब की रं बाबा, मागं कुनी लागलंय का?" असं दटावून बोटानं थांबवायचे.

एक अख्खा पावसाळा गेला, पण बोर्ड झाला. सुहासनं खूश होऊन ऑफिसच्या भिंतीवर त्यासाठी टीव्ही लावून दिला. त्यावर उभे पट्टे होते, त्यांना भाऊ खांब म्हणत. दर महिन्याचा एक खांब, जितकं उत्पन्न तितका उंच. आणि एक गोल होता, त्याचं नाव भाकरी. वेबसाइटवरून आलेलं बुकिंग हिरवं, ऑफिसातलं लाल.

बाळंतिणीनं बाळ दाखवावं तसे भाऊ हा बोर्ड येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. एका वरपक्षाला त्यांनी तो इतका वेळ समजावला, की शालूबाईला चौथा चहा टाकावा लागला. घरी म्हशीच्या रतिबाचाही एक बोर्ड झाला. तो पाहून लीलाबाई, म्हणजे भाऊंची बायको, म्हणाल्या, "म्हशीला दाखवा. तिला तरी कळंल आपन कितीत हाय."

माझं त्या ऑफिसात जाणं-येणं होतं. एकदा मी बोर्डाकडे बघत होतो. भाकरी जवळजवळ सगळी हिरवी, कडेला नखाएवढा लाल तुकडा. मी विचारलं, "भाऊ, ह्यात तुम्ही कुठं आहात?"

भाऊ हसले. "आवो, मी भाकरी थापनारा. थापनाऱ्याचा फोटू असतो व्हय भाकरीत?"

मीही हसलो. वाक्य छान होतं.

दिवाळीनंतर सुहास आला, बोर्डासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मान हलवत म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला. इतकं स्वच्छ चित्र मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं." भाऊ लाजले. सुहास पुढं म्हणाला, "आणि तुमच्याच बोर्डामुळं कळलं, आता ऑफिसची गरजच उरली नाही. सगळे लोक वेबसाइटवरूनच येताहेत. या महिन्याअखेर ऑफिस बंद करू या."

भाऊंना आधी वाटलं, ऑफिस दुसरीकडं हलवायचंय. "मंग मी कुटं बसू?"

सुहासनं मोडकी खुर्ची नीट सरकवून ठेवली. खुर्ची सरकवण्यातही तो नम्र होता.

हे मला शालूबाईनं सांगितलं. भाऊ टेबल धरून उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, ही मानसं वेबसाइटवरून न्हाई येत. हितं येत्यात. मी भरतो त्यांचं."

"म्हणजे? 'वेबसाइटवरून' असं तुम्ही भरत होता?"

"व्हय. आकार लागू नये म्हनून."

सुहासचा चेहरा उतरला. संतापला असता तर बरं झालं असतं. तो हिशेबी स्वरात म्हणाला, "काका, मग हे सगळं चुकीचं भरलंय. झालेलं जाऊ द्या, पण ज्यांची लग्नं पुढं आहेत त्यांच्याकडून तरी आकार घ्यावाच लागेल. नियम सगळ्यांना एकच हवा ना?"

पुढच्या लग्नांत पहिलं नाव कोंडाजींचं. थोरलीचं लग्न, वैशाखात. भाऊंनी टीव्हीकडं बघितलं, शालूबाईकडं बघितलं. तिनं स्टो बंद केला होता. खऱ्यावर ठाम राहिले असते तर नोकरी टिकली असती, आणि गावात घरोघर बिल गेलं असतं.

"न्हाई वो शेठ," भाऊ म्हणाले, "आपली गंमत केली. बोर्ड बरोबर हाय."

सुहासला हायसं वाटलं. त्यानं भाऊंना शाल दिली आणि शालूबाईला साडी. ऑफिसच्या दाराला कुलूप लागलं आणि कुलपाच्या वर 'बुकिंगसाठी स्कॅन करा' अशी चौकटी-चौकटींची पाटी.

भाऊ परंदवडीजवळच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागले. तिथं येणाऱ्या गाड्या उघडून बघायच्या असतात. भाऊ ड्रायव्हरला आधी गाव विचारतात, मग गाडी बघतात. त्यावरून दोनदा बोलणी खाऊन झाली.

कोंडाजींच्या थोरलीचं लग्न आकाराशिवाय लागलं. भाऊ सिक्युरिटीचा गणवेश बदलून पंगतीला आले. आणि इकडं लॉनवर माणसं नव्या तारखा धरायला येत होती, चपला काढून हिरवळीवर चालत होती, टाकी बघत होती, कुलूप बघत होती, आणि "भाऊ न्हाईत जनू" म्हणून लोणावळ्याच्या बाजूला दुसऱ्या लॉनवर जात होती. ती पाटी मात्र कुणी स्कॅन केली नाही. पाटीशी सोयरीक काय काढणार?

खांब बुटके होत होत जमिनीला लागले. तेव्हा सुहासचा भाऊंना फोन आला. "काका, बोर्ड बिघडलाय. येऊन बघता का जरा?"

सुट्टीच्या दिवशी भाऊ गेले. कुलूप उघडून टीव्हीपुढं बसले, सगळं आतून-बाहेरून तपासलं. "काय न्हाई झालं त्याला. बरोबर दावतोय."

"असं कसं बरोबर? एकही बुकिंग नाही?"

भाऊ त्या रिकाम्या बोर्डाकडं बघत राहिले. "बघतो," एवढं म्हणून घरी आले.

घरी ओट्यावर कोंडाजी बसलेले. "भाऊ, धाकटीचंबी जमलं. थोरलीचं जितं झालं तितंच पायजे. तुमी नसला तर मला त्यातलं काय कळतंय?"

आतून लीलाबाईंचा आवाज आला, "लावू नका हात त्या मोबाइलला! काढलं न् त्यांनी तुमाला?"

"च्या टाक," भाऊ म्हणाले.

माणूस दारात आलाय, परत कसा पाठवायचा, हे त्यांनी मला दिलेलं कारण. ते खरं आहे, पण अर्धं. आपण जन्माला घातलेला बोर्ड असा ओकाबोका पडलेला त्यांना बघवत नव्हता, हे उरलेलं अर्धं. तिसऱ्या चहाला त्यांनी मोबाइल काढला, कोंडाजींना पुन्हा आदरणीय केलं आणि 'वेबसाइटवरून' यावर बोट ठेवलं. भाऊ घरी भेटतात ही बातमी मग फाट्यावर पोचली आणि ओट्यावर चपला दिसू लागल्या.

परवा मी तिथंच बसलो होतो. सुहासचा फोन आला. आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "काका, जादू केलीत! खांब परत वर चढले, भाकरी अख्खी हिरवी झाली. लाल नावालाही नाही! मला वाटलंच होतं, वेबसाइट चालणारच. बिघाड बोर्डातच होता. थँक यू हं!"

"व्हय, व्हय," भाऊ म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, हे मला सांगायलाच हवं. तो मला पाहवला नाही.

लीलाबाई चहाचं पातेलं घेऊन दारात आल्या. "काय म्हनला? काय देतो का?"

"थँक यू म्हनला."

"बरं झालं," लीलाबाई म्हणाल्या. "साकर संपलीया. उंद्या पाव्हन्यांच्या च्यात तेच घालते."