फाटकाबाहेरची रांग

पितळेच्या पॉलिशचा वास आला की मला टेंभुर्णीतला तो पंधरा ऑगस्ट आठवतो. शाळेच्या मैदानावर मोठा कार्यक्रम होता, मुख्याध्यापक म्हणून मंचावर माझी खुर्ची होती आणि गावातल्या माजी सैनिकांना मात्र बोलावणं गेलं नव्हतं. यादी करताना ते माझ्या ध्यानात आलं होतं, पण मी गप्प बसलो, कारण त्यांच्यात माझा लंगोटीयार होता. भरतीला आम्ही दोघं सोबतच गेल्तो. तो घेतला गेला आणि मी छातीच्या मापात बाद झालो. त्या सकाळी ते सातजण कडक इस्त्रीच्या कपड्यांत, नुकतीच घासलेली पदकं लावून आले आणि फाटकाबाहेर चिखलात रांगेत उभे राहिले. ना घोषणा, ना फलक. मी धावत गेलो, त्याला म्हणालो, "आत चल, खुर्ची देतो." तो हसला. "न्हाई मास्तर, बोलावलं न्हाई तिथं बसायचं न्हाई. झेंड्याला सलाम करायला चिठ्ठी थोडीच लागती?" झेंडा वर गेला, सात हात एकदम कपाळाला लागले आणि सगळं मैदान मंचाकडं पाठ करून तिकडं बघू लागलं. माझे म्हातारे वडीलसुद्धा. पुढच्या वर्षी मी त्यांची नावं सगळ्यात वर लिहिली, तो माझ्या शेजारी येऊन बसला, तरी माझं पोट दुखायचं ते दुखलंच. आता मीही रिटायर झालोय. रोज संध्याकाळी आम्ही सोबत चहा घेतो, पण ती नावं कशी राहिली, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.