कचेरीची वांगी
कापसाच्या वाळल्या काड्यांवर वांगं भाजल्याचा वास आला की पन्नास वर्षांपूर्वीचं आमचं अमळनेरजवळचं वावर आठवतं. वडील कचेरीत कारकून. रविवारी दोरी लावून, फूटपट्टीनं अंतर मोजून वांगी लावायचे. शेजारच्या शेतातले आबा खो खो हसत, "भाऊ, हाई वावर शे का कचेरी?" हिवाळ्यात आईनं मुद्दाम त्यांनाच वावरात भरीत खायला बोलावलं. दुसऱ्या भाकरीवर आबा हळूच म्हणाले, "भाऊ, यानं बियानं माले द्या." आईनं लगेच बियांसाठी झाडावरच पिवळं होऊ दिलेलं वांगं तोडून आबांच्या हातावर ठेवलं. परवा पारोळ्याच्या बाजारात आबांचा नातू ओरडत होता, "कचेरीची वांगी घ्या!" मी घासाघीस न करता पिशवी भरली, आपल्याच वांग्यांचा भाव कसा पाडायचा!