कळस, टेकडी आणि दोन चिमण्या

समस्त लालबाग-परळकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने वयाच्या बावन्नाव्या वर्षी कलाक्षेत्रात पदार्पण केले आहे. हुद्दा : सांगतील तिथे रेघ मारणे.

फ्लेक्स आल्यापासून आम्हा बोर्ड रंगवणाऱ्यांना भिंत देतो कोण? त्यामुळे परळच्या एका टॉवरमधल्या गॅलरीने मरत्या समुद्रावरच्या प्रदर्शनासाठी बोलावलं, तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. चित्र माझं नव्हतंच. ते प्रभादेवीच्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांच्या डोक्यात होतं. त्यांची नजर गेलेली, म्हणून हात माझा.

बाबा सांगत गेले. होडीतून किनाऱ्याकडे बघायचं. देवळाचा कळस आणि त्यामागची गिरणीची चिमणी एका ओळीत आली की एक रेघ. उजवीकडची दुसरी चिमणी आणि मागची टेकडी एका ओळीत आली की दुसरी. दोन्ही जुळतात तिथे पाण्याखाली खडक. जाळं त्याच्या पलीकडे टाकायचं.

मी शिडीवर थक्क! ज्या चिमणीच्या काजळीने आईची वाळत घातलेली लुगडी काळी व्हायची, तिच्या भरवशावर ही मंडळी घोळ मासा पकडत होती.

“बाबा, हे भिंतीवर कशाला?”

“पोरासाठी. मोबाइल बघून जातो नि खडकावर जाळं फाडून येतो. माझं ऐकत नाय. इथं लोक टाळ्या वाजवतील, तवा तरी बघंल.”

उद्घाटनाला टाळ्या वाजल्या. एक बाई “किती पोएटिक!” म्हणाल्या. मुलगा आला, तिशीतला, उन्हाने रापलेला. भिंतीपाशी बराच वेळ उभा राहिला. रेघेवरून बोट फिरवत खडकापर्यंत गेला, परत आला.

“पोरगा बघतोय काय रे?” बाबांनी माझा दंड धरून विचारलं.

“बघतोय, बाबा. मन लावून बघतोय.”

मग तो खिडकीशी गेला. तेविसावा मजला. टॉवरांच्या फटीतून पाण्याची एक पट्टी दिसत होती. कळस कुठेच नव्हता.

“काका, ही कळसामागची चिमणी नक्की कुठं होती?”

एरवी पत्ता सांगतानाही मी नाटक करतो. त्या दिवशी नुसतं बोट खाली केलं, आमच्या पायाखालच्या चकचकीत लादीकडे.

“आणि दुसरी?”

“तीही पाडली.”

सगळी गॅलरी ऐकेल एवढ्या मोठ्याने तो बापाला म्हणाला, “बाबा, मग मी होडीतून बघू काय?”