फाईलच्या हातावर दही-साखर

आवाज नासतो, अशी ज्यांची पक्की खात्री आहे असे गृहस्थ साऱ्या बंगळुरात एकच असतील, आणि ते आमच्याच घरी, पुढच्या खोलीत राहतात. ते माझे मोठे दीर. घरातले आणि गल्लीतले सगळे त्यांना अण्णा म्हणतात. माझी लेक त्यांना दोड्डप्पा म्हणते, म्हणजे इथल्या भाषेत थोरले काका. मी त्यांना काहीच म्हणत नाही, कारण मी त्यांच्याशी बोलत नाही आणि ते माझ्याशी बोलत नाहीत. यात भांडण काही नाही. मी लग्न होऊन मल्लेश्वरमच्या या घरात आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, थोरल्या दिरांसमोर धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नाही. सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली. आता पुरे, बोला, असं सांगायला त्या नाहीत, म्हणून आम्ही दोघं अजून नियम पाळतो. अण्णांना कॉफी हवी असली की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन फिल्टरशी बोलतात. ‘खालच्या भांड्यात थोडी उरली असेल, तर कोणी तरी बघितलं तर बरं होईल.’ मी पळी कढईवर एकदा वाजवते. एकदा म्हणजे आहे, दोनदा म्हणजे संपली. तीनदा म्हणजे आत्ताच तर घेतलीत. आमचे हे म्हणतात, ‘तुमच्या दोघांचं तारऑफिस सरकारनं बंद केलं नाही, एवढंच राहिलंय.’

अण्णांनी लग्न केलं नाही. एका कारखान्याच्या भांडारात त्यांची सगळी नोकरी झाली. कोणती वस्तू कोणत्या खोक्यात, हे त्यांनी इतकी वर्षं सांभाळलं, की निवृत्त झाल्यावर हाताला खोकी नाहीत म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला. मग त्यांना लॅपटॉप मिळाला आणि त्यात आवाजाच्या फाईली सापडल्या. एकच आवाज वेगवेगळ्या प्रकारच्या फाईलींत ठेवता येतो, हे कळल्यापासून माणसाला नवं आयुष्य मिळालं. ब्राउझरमध्ये एक पान उघडतं. त्यात एका बाजूनं फाईल टाकायची, हवा तो प्रकार निवडायचा, बटण दाबायचं, की तोच आवाज दुसऱ्या प्रकारची फाईल होऊन बाहेर येतो. हे मी दारातून बघून बघून शिकले. ‘आवाज म्हणजे ताक,’ अण्णा आमच्या जावयाला समजावतात. ‘पितळेच्या भांड्यात राहिलं तर कळकणार. वेळेवर भांडं बदलायला पाहिजे.’ त्यांच्या हिशेबानं डब्ल्यूएव्ही म्हणजे लग्नातलं पातेलं. सगळं मावतं, पण ठेवायचं कुठे हा प्रश्न. एमपीथ्री म्हणजे ऑफिसचा डबा, झाकण लागावं म्हणून जरा दाबून भरलेला. फ्लॅक म्हणजे घट्ट फिरकीची बरणी. आणि त्यांच्या जुन्या फोनमधून निघतो तो एएमआर म्हणजे पानाचा द्रोण. लगेच खाऊन टाका, नाही तर गळलाच समजा. पाहुणा कोणतं भांडं घेऊन येईल सांगता येत नाही, म्हणून ते प्रत्येक आवाज चारही भांड्यांत ठेवतात.

आता आवाज कसले, तर सकाळी सोप्पू सोप्पू ओरडत जाणाऱ्या पालेभाजीवाल्या अक्काचा, नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून येणाऱ्या ढेकरांचा, आमच्या गेटच्या कुरकुरीचा. गेटला मी एकदा तेल घातलं तर अण्णा दोन दिवस तुळशीजवळ उभे राहून तिला म्हणत होते, ‘लोकांना काही ऐतिहासिक वस्तूंची किंमत नाही.’ बरं, फाईल आधीच चारही भांड्यांत होती! एका रविवारी त्यांनी आम्हाला समोर बसवून आमच्याच कुकरची शिट्टी तीन प्रकारांत ऐकवली आणि ओळखायला सांगितलं. आमचे हे म्हणाले, ‘अण्णा, तिन्हीही कुकर.’ ‘पहिली पातळ आहे, कळत नाही तुला?’ अण्णा चिडले. ‘दुसरीला दाणा आहे. तिसरीत तर शिट्टीच्या आधीचा श्वास ऐकू येतो!’ आम्ही तो श्वास ऐकायला कान लावून बसलो, आणि आत खरा कुकर आठ शिट्ट्या देऊन गेला तो कोणालाच ऐकू आला नाही. त्या दिवशी आम्ही भात पळीनं वाढला आणि ओंजळीनं खाल्ला म्हटलं तरी चालेल.

पण खरी गंमत पुढेच आहे. अण्णांची समजूत अशी होती की बटण दाबलं की फाईल घरातून निघते, कुठे तरी सातासमुद्रापार जाते, तिथे तिचं भांडं बदलतात, आणि मग ती परत येते. म्हणजे झाला की नाही प्रवास? मग प्रवासाचे सगळे नियम आले. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालूनच ते फाईल पाठवत. भिंतीवरच्या कॅलेंडरात राहुकाळ बघत आणि त्या दीड तासात लॅपटॉपवर टॉवेल टाकून ठेवत. फाईल निघताना तिच्या हातावर दही-साखर द्यायची. फाईलला हात नाही म्हणून वाटी लॅपटॉपच्या उजव्या अंगाला ठेवत, आणि फाईल परत आली की ती वाटी स्वतः खात. निघताना कोणी कुठे म्हणून विचारायचं नाही आणि शिंकायचं नाही. एकदा ऐन बटण दाबताना मी मिरच्यांची फोडणी दिली आणि घरभर शिंका सुरू झाल्या. अण्णांनी फाईल परत बोलावली, अर्धा तास बसवून ठेवली आणि फडताळाला म्हणाले, ‘मंगळवारी फाईली पाठवतो हे माहीत असूनही मिरच्या तळणारी माणसं या जगात आहेत.’ तेव्हापासून मंगळवारी आमच्याकडे जिऱ्याची फोडणी. आणि फाईल परत आली, की लांबून आलेल्या माणसावरून उतरतात तसा भाकरीचा तुकडा आणि पाणी. त्या पाण्यानं एकदा लॅपटॉपचं एंटरचं बटण अडकलं. ते आता चमच्याच्या दांड्यानंच दाबावं लागतं.

एवढा सगळा सोहळा मी सात वर्षं पळी वाजवत बघितला आणि मनात हसले. पण गेल्या वर्षी त्या फाईलींत माझंच एक काम अडकलं.

लेकीला मुलगी झाली आणि बारसं आमच्या घरी ठरलं. माझ्या आईचा एक पाळणा आहे. तो तिनं स्वतः जुळवलेला. त्यात देवांची नावं कमी आणि घरातल्या वस्तूंची जास्त, एकेक कडवं उंबऱ्याचं, चुलीचं, रवीचं, पाटाचं, की बाळानं घरातलं सगळं ओळखून घ्यावं. आई गेली, मला बहीण नाही, म्हणजे तो पाळणा आता फक्त माझ्या तोंडी होता. आणि माझं तोंड असं, की लग्नात नाव घे म्हटल्यावर मी नुसतं नाव घेतलं आणि कोठीच्या खोलीत पळाले. चार माणसांत माझा गळा बंद होतो तो होतोच. लेक लहान असताना मी रोज रात्री दार लावून तिला एकटीला गायचे. तेच तिला हवं होतं.

‘आई, तुझाच पाळणा पाहिजे,’ ती आठवडाभर म्हणत होती.

‘लोक असतील गं.’

‘बारशाला लोक नसतील तर काय मांजरं असतील? सरी, ठीक आहे, मग मी फोनवरचा कुठला तरी लावते.’

ती रागानं बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. फोनवरचा लागला की आईचा पाळणा माझ्याबरोबर संपणार, हे मला कळत होतं, आणि तरी गळा उघडत नव्हता.

बारशाच्या दिवशी, शनिवारी, सकाळी साडेआठला अण्णा दारात आले. हातात तो जुना फोन. त्यांनी तो पिठाच्या डब्यावर ठेवला आणि डब्याला म्हणाले, ‘हे यंत्र आहे, माणूस नाही. त्याच्यासमोर लाजायचं काही कारण नाही, असं कोणी तरी कोणाला तरी सांगितलं तर बरं होईल.’ आणि दार ओढून घेऊन गेले. बाहेर सगळ्यांना अंगणात हाकललेलं मला ऐकू आलं.

मी कणीक मळायला घेतली. यंत्राकडे पाठ केली. आणि काय झालं कोणास ठाऊक, उंबऱ्याचं कडवं आपोआप आलं. मग चुलीचं आलं. सगळा पाळणा झाल्यावर मी पळी एकदा वाजवली.

अण्णा आले, फोन उचलला आणि घड्याळ बघितलं. नऊ वाजले होते. शनिवारचा राहुकाळ नऊ ते साडेदहा! गुरुजींनी बाळाला पाळण्यात घालायची वेळ दिली होती दहा पस्तीस. जावयानं आणलेला स्पीकर फक्त एमपीथ्री वाजवणारा, आणि माझा पाळणा द्रोणात. फोनवरून तसाच ऐकवावा तर त्याचा आवाज शेजारच्या डासालाही जात नाही. अण्णांचा लॅपटॉप एवढी फाईल बदलायला वीस मिनिटं घेणार. म्हणजे निघायला हवं राहुकाळातच.

‘दोड्डप्पा, फाईल आहे ती, काय होतंय तिला?’ लेक कडेवर बाळ घेऊन उभी होती.

‘तुझ्या आईचा आवाज आहे त्यात,’ अण्णा म्हणाले. ‘तो मी राहुकाळात परदेशी धाडू? वाटेत काही झालं तर दुसरा कुठून आणू?’

त्यांनी लॅपटॉपवर टॉवेल टाकला आणि वर हात ठेवून बसले. दहा वाजले. बायका जमल्या. मी कोठीच्या खोलीत जाऊन तांदळाच्या पोत्यामागे उभी राहिले, तिथून पुढची खोली दिसते.

आमचे जावई पुण्याचे, कोरमंगलात कॉम्प्युटरचं काम करतात. अण्णांसमोर त्यांची माझ्यासारखीच गत. त्यांनी चारदा घसा साफ केला. ‘अण्णा, एक सांगू का? रागावू नका.’

‘बोला.’

‘तुमचं जे पान आहे ना, ते फाईल कुठेच पाठवत नाही. काही साइट पाठवतात, पण ही नाही. सगळं ब्राउझरमध्येच होतं. इथेच, लॅपटॉपच्या आत.’

‘इथेच म्हणजे?’

‘म्हणजे… ती घराबाहेर पडतच नाही. पान एकदा उघडलेलं असलं की नेट काढून बघा पाहिजे तर.’

अण्णांनी खरंच उठून वायफायची पिन उपटली. मग गेटच्या कुरकुरीची एक जुनी, चिमुकली फाईल घेतली, चमच्यानं एंटर दाबलं, आणि क्षणात ती नव्या भांड्यात समोर उभी. त्यांचा चेहरा असा झाला की मला पोत्यामागून बघवेना.

‘सात वर्षं,’ ते हळूच म्हणाले. ‘हिच्या हातावर दही ठेवलं. येते म्हण, जाते म्हणू नकोस, असं सांगितलं. आणि ही इथेच बसून होती?’

जावई घाबरून म्हणाले, ‘सॉरी अण्णा.’

मग अण्णांनी एकदम मान वर केली. ‘उंबरा ओलांडत नाही?’

‘नाही.’

‘नक्की?’

‘नक्की, अण्णा.’

‘मग कसला राहुकाळ!’ ते ओरडले. ‘राहुकाळात आपण घरात पोळ्या लाटतो की नाही? आवाज तोच, भांडं फक्त दुसरं. सरका सगळे! चमचा कुठाय?’

बरोबर दहा चौतीसला पाळणा पेनड्राइव्हवर उतरला. बाळाला पाळण्यात घातलं, स्पीकर लावला, आणि भरल्या खोलीत माझा आवाज सुरू झाला. मला वाटलं आता मी पोत्यातच शिरावं. त्यात कणकेची थपथप होती, बांगड्या होत्या, रवीच्या कडव्यात कुकरची एक शिट्टी होती, श्वासासकट. शेवटी पळीचा ठण्ण आवाज झाला आणि सगळ्या बायका हसल्या. पण हसल्यावर एक जण म्हणाली, ‘परत लावा हो,’ आणि दुसऱ्या वेळी ती गुणगुणू लागली. माझी लेक तर पहिल्या वेळीच म्हणत होती. दार लावून ऐकलेलं तिला सगळं पाठ होतं.

त्यानंतर अण्णांनी बरेच दिवस फाईलींना हात लावला नाही. राहुकाळ नाही, वाटी नाही. मंगळवारी मिरच्यांची फोडणी दिली, घरभर शिंका आल्या, तरी कोणी रागवेना. घर कसं ओकंओकं झालं. शेवटी एका मंगळवारी मीच वाटीत दही-साखर घेऊन लॅपटॉपच्या उजव्या अंगाला ठेवून आले. थोड्या वेळानं ते दारात आले. फिल्टरला म्हणाले, ‘आता कोणी कुठे जात नाही, मग दही कशाला, असं कोणी तरी विचारावं.’ मी पळी वाजवली. ते तसेच उभे. परत वाजवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अलीकडे कॉफी आहे असं पळीनं म्हटलं तरी ते नुसते उभे राहतात. कुकरच्या शिट्टीचा श्वास ऐकणाऱ्या माणसाला पळीचा आवाज जाईनासा झाला होता, आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

‘आणि स्वयंपाकघरातल्यांना सांगावं,’ ते फिल्टरकडेच बघत म्हणाले, ‘पाळणा चांगला झाला. चारही भांड्यांत ठेवलाय.’

मी पळी खाली ठेवली.

‘सांगते त्यांना,’ मी म्हणाले. ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा एकदा, मोठ्यानं.