बांगड्यांसकट हात

बांगड्या घालून स्क्रीनवर चित्र काढता येत नाही, हे मी सांगून सांगून थकले. पेनानं काढायचा स्क्रीन असतो, त्यावर मनगट टेकवूनच रेघ ओढावी लागते. काचेची बांगडी टेकली की ओरखडा पडतो, नाहीतर हात अडखळतो आणि बादलीचा काठ भलतीकडंच पळतो. म्हणून कारखान्यात गेलं की मी बांगड्या काढून कंपासपेटीत ठेवायची. पुढं पुढं घालायचंच सोडून दिलं.

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे बिलकुल पटायचं नाही. "नवरा जित्ता हाय अन् भुंडे हात घेऊन फिरून राहिली. लोकं काय म्हणतील?" रोज सकाळी हेच. त्यांचे स्वतःचे हात मात्र भुंडे होते, सासरे गेले त्या दिवसापासून, बारा वर्षं. मला त्याचाच राग यायचा. ज्या रिवाजानं हिच्या हातातलं काढून घेतलं, त्याचीच ही माझ्यापुढं वकिली करते! मी म्हणायची, "न्हाई घालत. बघू कोण काय करतंय ते." नवरा दोघींच्या मधे पडायचा नाही, तेवढा तो शहाणा होता.

मी नांदेडला शिकले. वस्तू हातात कशी बसते, कमरेला कशी लागते, हे आधी चित्रात आणि मग संगणकावरच्या मॉडेलमध्ये ठरवायचं, हे माझं काम. लग्न होऊन उदगीरला आले आणि गावाबाहेरच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात लागले. बादल्या, मग, घमेली असला माल. मालकांना सगळे अप्पा म्हणायचे. कपाळाला विभूती, शब्दाला पक्के, पण नव्या गोष्टीचं नाव काढलं की अंगावर यायचे. माझ्याआधी तिथली पद्धत सोपी होती. मिस्तरीनं बाजारातून दुसऱ्याची बादली आणायची, माप घ्यायचं, काठ दोन सूत इकडंतिकडं करायचा, झाली आपली बादली. मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की मला हे जमणार नाही. मिस्तरी म्हणाला, "मग बाई, चित्रं काढत बसा." मी म्हणाले, "त्यासाठीच आलेय."

लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. आमच्या गल्लीत टँकर आठ-आठ दिवस फिरकायचा नाही. आणि त्याच उन्हाळ्यात उदगीर जिल्हा होणार म्हणून चौकाचौकात फलक लागले होते. नळाला पाणी नाही, पण कलेक्टर कुठं बसणार यावर चहाच्या टपरीवर भांडणं! एका पुढाऱ्यानं ठरवलं की जिल्हा जाहीर व्हायच्या सभेत बायांना पाण्याचे डबे वाटायचे, डब्यावर आपला चेहरा उठवून. ते काम आमच्या कारखान्याकडं आलं.

अप्पा म्हणाले, "तेलाचा असतो तसला डबा घे अन् साहेबाचं तोंड बसव त्याच्यावर. दोन दिवसाचं काम हाय."

माझं डोकंच फिरलं. तो डबा तेलासाठी केलेला. मूठ बोटं कापते, कमरेवर घ्यावा तर कोपरा बरगडीत घुसतो. बाया मैलभर तो घेऊन चालतात आणि वर कोणाचा तरी चेहरा मिरवायचा? मी म्हणाले, "अप्पा, मी नवा डबा करते. कमरेवर बसणारा." अप्पांनी कुरकुरत तीन आठवडे दिले. नाही जमलं, तर बाजारातलाच डबा.

ते तीन आठवडे मी कधी विसरणार नाही. स्क्रीनवर किती चित्रं काढली आणि पुसली याला गणती नाही. मग मॉडेल. कमरेच्या बाजूनं डबा आत घेतला, तोंड पुढं कललेलं ठेवलं, म्हणजे चालताना पाणी हिंदकळून पाठीवर येणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये मूठ तपासायला एक आयता हात मिळतो. तो कुठल्यातरी धिप्पाड गोऱ्या पुरुषाचा. मी तो सरळ उडवला. म्हटलं, पाणी भरते बाई, तर हात बाईचाच पाहिजे. माझाच हात मापला, बोटन् बोट, मनगट, तळव्याची जाडी, आणि तो मॉडेलमध्ये घातला. काय तो माझा तोरा! इथंच मी फसले होते, पण ते कळायला अजून वेळ होता.

नांदेडच्या माझ्या जुन्या कॉलेजात नमुना प्लॅस्टिकमध्ये छापायचं थ्रीडी मशीन होतं. तिथं वरचा भाग आणि मूठ तुकड्यातुकड्यांत छापून आणली आणि एका कापलेल्या जुन्या डब्यावर नट-बोल्टनं बसवली. घरी आत्यांनी तो भरून कमरेवर घेतला, अंगणात दोन चकरा मारल्या. "लई सोपा हाय गं," म्हणाल्या. चार वर्षांत त्यांनी केलेलं माझं ते पहिलं कौतुक. मी अप्पांना कळवून टाकलं की डबा तयार आहे. सोमवारी मॉडेलची फाइल हैदराबादला जायची आणि तिथं पोलादात साचा कापायचा असं ठरलं. पोलाद कापलं की विषय संपला. मग बदल नाही.

शनिवारी सकाळी टँकर आला. मी मुद्दाम नमुन्याचा डबा घेऊन रांगेत गेले, मिरवायला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आण बरं, बघू." त्यांनी भरला, कमरेवर घेतला, हात मुठीत घातला आणि चालू लागल्या. चार पावलं झाली नसतील तोच कट्‌कन आवाज आला. डब्याच्या काठात दाबून त्यांच्या तीन हिरव्या बांगड्या फुटल्या, मनगटात काच घुसली. डबा हातातून सुटला आणि सगळं पाणी मातीत गेलं. त्या उन्हाळ्यात सांडल्या पाण्याला बाया किंचाळायच्या. त्या दिवशी पाण्याकडं कोणी बघितलंसुद्धा नाही.

"बांगड्या वाढल्या बाई तिच्या," कोणीतरी हळूच म्हणालं. फुटल्या म्हणायचं नसतं, वाढल्या म्हणायचं. मग एक म्हातारी म्हणाली, "सवाष्णीच्या बांगड्या घेणारा डबा, शिवू नका त्याला." बाया मागं सरकल्या. वहिनी मनगट धरून उभ्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी.

तिथं उभी असतानाच मला कळलं. मी हात मापला तो माझा, भुंडा. डबा तपासला तो आत्यांनी, त्यांचाही हात भुंडा. एकीनं हट्टानं काढलेल्या, दुसरीच्या लोकांनी काढायला लावलेल्या. आमच्या घरात बांगडीवाला हातच नव्हता. आणि गावात तर सगळे हात बांगडीवाले! कुठल्याशा गोऱ्या पुरुषाचा हात उडवला म्हणून फुशारकी मारणारी मी, माझ्या गल्लीतल्या बायांचे हात मला दिसले नव्हते. लाज वाटली, खरंच लाज वाटली.

तशीच कारखान्यात गेले. अप्पांना सगळं सांगितलं.

"मग? बायांनी बांगड्या वर सारून घ्याव्या की," अप्पा म्हणाले.

"एका हातात घागर, डोक्यावर हंडा. सारतील कोणत्या हातानं?"

मिस्तरीला तर आनंदच झाला. "मी आधीच म्हणलो होतो, बाजारातला घ्या म्हणून."

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "पण ही फाइल मी देणार नाही. बाजारातलाही डबा नको. मूठ बदलते आणि मग देते."

अप्पांचा आवाज चढला. "तुझ्यावाचून अडलंय का इथं? पुण्याहून माणूस आणतो."

"आणा. त्याच्या हातात बांगड्या असतील का ते तेवढं बघून आणा!"

मिस्तरी खोकायला लागला. अप्पा हसले नाहीत. "सोमवारी दुपारी गाडी हैदराबादला निघते. तवर आली फाइल तर तुझा डबा. न्हाई तर बाजारातला, अन् तू बस घरी."

रविवारी सकाळी दोन डझन हिरव्या बांगड्या आणल्या आणि गल्लीत घरोघरी फिरले. फक्त दहा मिनिटं हात पाहिजे म्हणाले. एकही बाई तयार होईना. "बाकी काय बी सांग, पर त्या डब्याला हात लावायला सांगू नको." वहिनींनी तर दारच लावून घेतलं. मी घरी येऊन बांगड्यांची जुडी खाटेवर आपटली. माझ्याच हातात भरणार होते, पण भरला डबा स्वतःच कमरेवर घेऊन माप कसं घ्यायचं? कुठं दाबतंय ते समोरून बघायला तर पाहिजे.

आत्या ज्वारी निवडत होत्या. सूप बाजूला ठेवलं आणि हात पुढं केले.

"भर माझ्या हातात."

"आत्या... लोकं काय म्हणतील?" हे मी म्हणाले. मी!

"लोकं डबा करून देणार हायेत का तुला? भर."

साबण लावून एकेक बांगडी चढवली. पाण्याच्या कळशांनी सांधे जाड झालेले, बांगडी हाडावर अडायची, त्या "हं" म्हणायच्या आणि मी पुढं सरकवायची. दोन्ही हात भरून झाले तेव्हा माझे डोळे वाहत होते. आत्या हात उलटसुलट करून बघत होत्या. "हिरवा रंग बरा दिसतोय की," एवढंच म्हणाल्या.

मग काम. त्या भरला डबा कमरेवर घेऊन उभ्या, मी समोर. जुनी मूठ आधीच करवतीनं उडवली होती, तिथं कणकेचा गोळा लावून नवी मूठ वळली. "दाबतंय." कणीक खरवडली. "अजून दाबतंय." काठ बोटभर खोल केला. "आता आली बघ जागा." बांगड्या त्या खोलगट जागेत मोकळ्या खुळखुळल्या. ते माप मी स्क्रीनवर चढवलं. त्या माझ्या मागं उभ्या राहून विचारायच्या, "ह्यो माझा हात का?" मी म्हणायची, "हाव, तुमचाच." सोमवारी अकराला फाइलचा पेनड्राइव्ह अप्पांच्या टेबलावर होता. अप्पांनी तो गाडीत दिला.

डबे झाले, सभा झाली, भाषणं झाली. जिल्हा काही झाला नाही. डबे मात्र घरोघरी गेले, आणि कमरेला घासून घासून साहेबांचा चेहरा दोन उन्हाळ्यांत गुळगुळीत झाला. वहिनींकडं दोन डबे आहेत.

त्या रविवारी माप संपल्यावर मी आत्यांच्या बांगड्या काढायला हात पुढं केला होता. त्यांनी हात मागं घेतला. "राहू दे. डबा येईस्तोवर." डबा आला. पहिल्या टँकरला आत्या तो कमरेवर घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, दोन्ही हात हिरवेगार. त्याच म्हातारीनं त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं बाई, ह्या वयात हे काय हातात?"

आत्यांनी डबा नीट कमरेवर घेतला, बांगड्या खुळखुळल्या.

"माप चालू हाय अजून," त्या म्हणाल्या.