आधी घाण, मग चहा

"आधी घाण दाखवा, मग चहा."

मोटारसायकल लिंबाखाली लावता लावताच जनावरांचे डॉक्टर असं म्हणत. घरच्यांची चौकशी नंतर. आधी शेडमध्ये जाऊन डुकरांच्या मागे उकिडवं बसायचं आणि ताजी विष्ठा काडीने उकलून बघायची. पिशवीत इंजेक्शनांच्या डब्याशेजारी त्यांची चहाची एक गाळणी असायची. त्या गाळणीत विष्ठा घेऊन वरून पाणी सोडायचं आणि जाळीवर काय उरतं ते बोटाने चाळवायचं. सवय नसलेल्याने हे बघून लगेच जेवायला बसू नये. मला मात्र त्यांची आठवण आली की आधी ती गाळणीच दिसते, आणि बरं वाटतं.

जामखेडहून खर्ड्याकडे जाताना आमचं गाव लागतं. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला निघून जातं. आम्हीही जायचो. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी आणि मालकांनी ठरवलं की आता कोयता नको, आणि पांढरी डुकरं आणली. शेतकऱ्याच्या दारात डुकरं आली म्हटल्यावर भावकीने आमच्याकडचं पाणी सोडलं. भांडण नाही की तंटा नाही. "आत्ताच घिऊन आलो" म्हणत चहा नाकारायचे, एवढंच. गावात राहिलेल्यांना सांगायला नको, ते भांडणापेक्षा जास्त लागतं.

डॉक्टर गाळणी झाली की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि दारातल्या दगडावर रस्त्याकडे तोंड करून बसायचे. आत बाज टाकली तरी येत नसत. "हितंच बरं हाय ताई. आना चहा." हे जरा मोठ्यानेच. चहा संपेपर्यंत रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायचे, "या, चहा घ्यायला." कोणी येत नसे. तरी पुढच्या खेपेला त्यांच्या हाका चालूच.

सासूबाईंना मात्र हा माणूस पसंत नव्हता. "ज्या हातानं ती घाण चिवडली, त्याच हातात माझा कप?" त्यांनी डॉक्टरांसाठी कान तुटलेला एक कप वेगळा काढला आणि शेडच्या कोनाड्यात ठेवला. डॉक्टरांच्या ते ध्यानात आलं. "आजी, ह्यो कप माझ्यासाठी राखीव हाय का? मंग दुसऱ्या कुनाला देऊ नका." एकदा ते आपली गाळणी विसरून आले आणि आमची मागितली. सासूबाईंनी ती केव्हाच डाळीच्या डब्यात दडवली होती.

"आमच्यात गाळनी न्हाई," त्या म्हणाल्या.

"मंग चहा कशानं गाळता?"

"पदरानं."

डॉक्टर इतके हसले की शेडमधली डुकरं उठून उभी राहिली.

दुसऱ्या वर्षी आमची पिल्लं वाढेनात. पोटं नगाऱ्यासारखी आणि पाठीचा कणा वर आलेला. दसरा जवळ आला होता. ऊसतोडीचा मुकादम येऊन विचारून गेला, "येताय का औंदा?" मालकांनी आढ्याला खोचलेला कोयता काढून बोटाने धार बघितली. त्याचा अर्थ मला कळला आणि मी मुलीच्या दप्तराकडे बघितलं नाही.

त्या दिवशी डॉक्टरांच्या गाळणीत हिरवट धागेच धागे उरले. मक्याचे अर्धे दाणेही होते.

"काय घालताय?"

"उसाचं वाढं," मालक अभिमानाने म्हणाले. "बारीक कुट्टी करून. निम्म्याला निम्मं."

सगळा जन्म उसाच्या फडात गेलेला माणूस. उसाच्या हिरव्या शेंड्यावर बैल कसे पोसतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

डॉक्टर रागावले नाहीत. "बैल रवंथ करतो, डुकराला ती सोय न्हाई. मोठी मादी थोडाफार पाला निभावून नेती. ही वाढती पिल्लं हायेत. ह्यांचं नुसतं पोट भरतंय, अंगी काय लागत न्हाई." मग त्यांनी दाणा चिमटीत धरला. "मका बारीक भरडा. जसा गेला तसाच बाहेर आला, तर त्याला खानं न्हाई, परवास म्हनायचं. आन सोयाबीन?"

"घरचंच हाय. कच्चंच भरडतो."

"तिथंच गडबड हाय. कच्चं सोयाबीन त्यांना पचत न्हाई, आन दुसरंबी पचू देत न्हाई. भाजून घाला. पर खाद्य एकदम बदलू नका, हळूहळू बदला."

सोयाबीन भाजायला सासूबाई बसल्या. मला झारा हातात घेऊ दिला नाही. "तू करपवशील," म्हणाल्या. डुकरांसाठी त्यांनी केलेलं हे पहिलं काम.

डॉक्टर मूळचे बेलापूरकडचे, कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या घरातले. वाट वाकडी करून ते आमच्याकडे येत राहिले. मालक संकोचले की म्हणत, "तुमी आमचा ऊस तोडला, मी तुमच्या डुकरांची घाण चाळतो. फिटंफाट." आणि एका सकाळी त्यांनी पाणी सोडून झाल्यावर गाळणी उन्हात वर धरली. जाळीवर थोडा कोंडा सोडला तर काही नव्हतं. "आता अंगी लागतंय," ते म्हणाले. पिल्लांच्या पाठी भरत चालल्या होत्या. मुकादम पुन्हा आला तेव्हा मालक म्हणाले, "न्हाई येत." मी आत जाऊन पोटभर रडून घेतलं. मुलगी आज त्याच शाळेत आहे. हे उपकार मी कुणापाशीही बोलून दाखवते.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टर आले ते दुसऱ्याच्या गाडीतून. सदरा अंगावर लोंबत होता. पोटाचंच दुखणं होतं, नगरला उपचार चालू होते. उकिडवं बसवेना म्हणून गाळणी मालकांच्या हातात दिली आणि स्वतः उभ्याने बघितलं. मग दगडावर टेकले. "ताई, चहा."

"जेवन तरी जातं का?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाई आजी, काय पचत न्हाई. चहाबी बंद केलाय."

"मंग मागता कशाला?"

"हातात कप तर असू द्या. लोकं बघत्यात."

मी त्यांच्याच कपात चहा आणला. तो दोन्ही हातांत धरून ते रस्त्याकडे बघत बसले. आवाज बारीक झाला होता, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावत होते. चहा गार झाल्यावर कप दगडावर ठेवला आणि उठले. दिवाळीनंतर ते गेल्याचं कळलं.

त्या शेवटच्या खेपेला त्यांची गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते. मागे वळले, तर सासूबाई त्या दगडावर रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि कान तुटलेल्या कपातला तो गार चहा पीत होत्या.